वहिनीने दवाखाना निवडला

माझी वहिनी शर्टांच्या कारखान्यात चेकर आहे. शिवून आलेला शर्ट तिच्या टेबलावर येतो, ती तो उलटा करते, आधी कॉलर बघते, मग खांदे, मुंढे, कफ, आणि शेवटी एकेक बटण अंगठ्याने ओढून पाहते. टाका सुटलेला दिसला की तिथे लाल बाणाचं स्टिकर लावते आणि चिठ्ठीवर कारण लिहिते. कारण लिहिल्याशिवाय शर्ट परत पाठवायचा नाही, असा तिथला नियम आहे. शिलाईच्या बायका तिला 'भिंग' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तिला त्याचं काही वाटत नाही.

घरात मात्र ती कधी कुणाच्या वाटेला जायची नाही. आज तिला ओळखणारे म्हणतात की बाई पहिल्यापासून भांडखोर असणार. नव्हती. तिला भांडायला लावलं गेलं, आणि त्यात माझाही हात आहे.

पहिल्या खेपेला दवाखाना मी ठरवला होता. माझा मुलगा तिथेच झाला होता. खाली काचेची मोठी खोली, भिंतीत माशांची टाकी, गुबगुबीत खुर्च्या, डॉक्टर हसतमुख. माझं सिझर झालं होतं आणि मी ते मिरवायचे. "तासाभरात मोकळी झाले, काही कळलंसुद्धा नाही," असं मी वहिनीला दहादा तरी सांगितलं असेल. ती म्हणाली होती, "ताई, आणखी एकदोन ठिकाणी बघून येऊ या का?" मी म्हटलं, "अगं, भाजी घ्यायला निघालीयेस का? माझे डॉक्टर आहेत म्हटल्यावर बघायचं काय?" आईनेही माझीच री ओढली. दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, असल्या गोष्टींत बोलायचाच नाही. झालं, ठरलं.

शनिवारी सकाळी नऊला तिला कळा सुरू झाल्या म्हणून नेलं. पोटाला पट्टा बांधला, हाताला सलाईन लावलं आणि सांगितलं की आता पलंगावरून उठायचं नाही. तिने विचारलं, का? तिला चालावंसं वाटत होतं. तिथली सिस्टर म्हणाली, "इथे प्रश्न विचारायचे नसतात, कळा घ्यायच्या असतात." आम्हाला बाहेर बसवलं. आत ती पाच तास एकटी होती. दुपारी दोनच्या सुमारास डॉक्टर आले, बाहेर येऊन दादाला म्हणाले, "बाळाचे ठोके कमी होताहेत, वेळ घालवून चालणार नाही." आणि परत आत गेले. मग कुणीतरी फॉर्म आणला, दादाने कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या सही केली. वहिनीला कुणी काही सांगितलं नाही. तिने छताचे दिवे पळताना पाहिले आणि विचारलं, "कुठे नेताय?" तेवढ्यात तोंडावर मास्क आला.

मुलगी झाली. धडधाकट होती, तरी दोन दिवस काचेपलीकडे ठेवली, 'निरीक्षणासाठी'. कशाचं निरीक्षण ते कुणी सांगेना. आठव्या दिवशी वहिनीच्या टाक्यांत पू झाला. जखम उघडली. पाच आठवडे रोज ड्रेसिंग, आणि ड्रेसिंग करताना ती उशीचा कोपरा दातात धरायची. मुलीला कुशीत घेऊन पाजताही येत नव्हतं तिला.

दीड महिन्याने तपासणीला गेलो तेव्हा तिने डॉक्टरांना विचारलं, "माझं ऑपरेशन नक्की कशासाठी केलं?"

डॉक्टर हसले. म्हणाले, "बाळ छान आहे ना? मग झालं तर."

हे वाक्य तिला पुढे तीन वर्षं आम्ही सगळ्यांनी ऐकवलं. आईने ऐकवलं, दादाने ऐकवलं, शेजारणीने ऐकवलं, आणि सगळ्यांत जास्त मी ऐकवलं. ती गप्प बसायची. तिने ते मनावर घेणं सोडलं असं आम्ही धरून चाललो. सोडलं काहीच नव्हतं. ती सुट्टीच्या दिवशी त्या दवाखान्याच्या खिडकीवर जाऊन आपली फाईल मागत होती. चार वेळा तिला 'उद्या या' म्हणून परत पाठवलं. पाचव्या वेळी ती डबा घेऊन गेली आणि खिडकीसमोरच्या बाकावर बसून जेवली. मग मिळाली फाईल, झेरॉक्स करून.

ती फाईल तिने कशी वाचली असेल ते मला डोळ्यांसमोर दिसतं. उलटी करून, शिवण शिवण बघून. पण आम्हाला ती काही बोलली नाही, दुसऱ्यांदा दिवस जाईपर्यंत.

दुसऱ्या वेळी आईने नेहमीप्रमाणे विचारलं, "मग त्याच डॉक्टरांकडे नाव घालायचं ना?" स्वयंपाकघरात आम्ही चौघं होतो. वहिनी भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला.

"त्या दवाखान्याची पायरी मी चढणार नाही," ती म्हणाली. "या वेळी मी बघणार, मी विचारणार आणि मी ठरवणार."

"पण त्यांचं चुकलं काय?" मी म्हटलं. "बाळ—"

"ताई, ते वाक्य आता पुरे करा."

तिने हात पुसले, कपाटातून फाईल आणली आणि टेबलावर माझ्यासमोर टाकली. दोन ठिकाणी लाल बाणाची स्टिकरं लावलेली होती. एका पानावर ऑपरेशनचं कारण लिहिलेलं: 'प्रसूती पुढे सरकत नाही.' ठोक्यांचा त्यात उल्लेखही नव्हता. दुसऱ्या पानावर वेळा होत्या. पोटावर सुरी लावली दोन पस्तीसला. मूल बाहेर आलं दोन एकेचाळीसला. आणि संमतीच्या फॉर्मवर वेळ होती दोन पन्नास.

"आधी कापलं," वहिनी म्हणाली, "आणि मग विचारलं. तेही मला नाही, नवऱ्याला. आमच्याकडे सदरा परत पाठवायचा तरी आधी कारण लिहावं लागतं." मग दादाकडे वळून म्हणाली, "डॉक्टर बाहेर येऊन तुला सांगून गेले. मला सांगावंसं नाही वाटलं तुला? तेव्हा मी शुद्धीवर होते. वीस पावलांवर होते."

दादा फॉर्मकडे बघत राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. मग म्हणाला, "मी सही करत होतो तेव्हा आतून रडण्याचा आवाज आला होता."

"कुणाच्या?"

"बाळाच्या. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी असेल."

आई उठून बाहेर गेली. तीन वर्षं हा माणूस ही गोष्ट पोटात घेऊन वावरला होता आणि बायको एवढी गप्प का असते म्हणून आम्हाला विचारत होता. वहिनी त्याच्यावर ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "आज माझ्याशी बोलू नकोस." मग मला विचारलं, "ताई, तुमचं सिझर का केलं होतं?"

माझं पोट कापलं त्याला सात वर्षं झाली होती आणि का कापलं ते मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्या खिडकीवर गेले. खिडकीतला माणूस म्हणाला, इतक्या जुन्या फायली आम्ही ठेवत नाही, नष्ट करतो. माशांच्या टाकीशेजारी उभी राहून मी आयुष्यात पहिल्यांदा एका परक्या माणसावर आवाज चढवला. त्याने खिडकी लावून घेतली. त्या दिवसापासून मी वहिनीबरोबर नवे दवाखाने बघत फिरायला लागले.

तिने एक वही केली होती. प्रश्न साधेच होते. पहिलं सिझर झालेल्या बाईला नैसर्गिक बाळंतपणाची संधी देता का, दिली तर किती जणींचं पार पडतं, कळा येताना हिंडूफिरू देता का, सोबत माणूस ठेवू देता का, आणि अचानक ऑपरेशनची वेळ आली तर भूल देणारे डॉक्टर किती वेळात पोचतात.

पहिला दवाखाना सहा मजली होता. डॉक्टरांनी आमच्याकडे मान वर करून पाहिलंही नाही. "मागचं सिझर? मग आता तारीख ठरवू. कुठला वार बरा पडेल?"

वहिनी म्हणाली, "मला आधी काही विचारायचंय."

"बाहेर काउंटरवर विचारा."

काउंटरवरच्या मुलीने आम्हाला खोल्यांचे फोटो दाखवले. पडदे कुठल्या रंगाचे हवेत तेवढं आम्हाला निवडता येणार होतं.

दुसरीकडे एक वयस्कर बाई डॉक्टर होत्या. आवाज मधाळ, हातात हात घेऊन बोलणाऱ्या. "अगं पोरी, एवढं डोकं का शिणवतेस? माझ्यावर विश्वास ठेव." वहिनी म्हणाली, "ठेवते. गेल्या वर्षी तुमच्याकडे अशा किती बायका आल्या आणि किती जणींचं नैसर्गिक झालं, तेवढं सांगा." बाईंनी हात सोडला. "तू कपडे तपासतेस ना? मी बायका तपासते. तीस वर्षं झाली. मला कुणी हिशोब मागितला नाही अजून." वहिनीने वही मिटली. "म्हणूनच मागायला हवा होता," ती म्हणाली आणि उठली. जिन्यात ती भराभर उतरायला लागली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "ताई, मला कुणाचा तरी गळा धरावासा वाटतोय. चला, लवकर खाली चला."

दोन ठिकाणी तर दारातूनच परत पाठवलं. एकाने तोंडावर सांगितलं की प्रश्न विचारणारे पेशंट आम्हाला परवडत नाहीत. पाचवा महिना संपत आला. घरी आईची टकळी चालूच होती की डॉक्टरांशी वाद घालून त्यांना दुखवू नये, शेवटी जीव त्यांच्याच हातात असतो. "म्हणजे घाबरून राहायचं," वहिनी म्हणायची. "जीव त्यांच्या हातात म्हणून तोंड आपण बंद ठेवायचं."

सरकारी दवाखान्याचं मी सुचवलं नाही, खोटं कशाला बोलू. ते तिला शिलाईच्या लाईनवरच्या एका बाईने सांगितलं. ऐकून दादा म्हणाला, "तिथे?" एवढंच. आणि मग स्वतःच म्हणाला, "मी रजा टाकतो, येतो बरोबर." तोवर वहिनी त्याच्याशी कामापुरतं बोलायला लागली होती.

रांग मोठी होती. भिंतीचे पोपडे निघालेले, बाकाचा एक पाय विटेवर. दोन तासांनी आमचा नंबर लागला. प्रसूती विभागाच्या मोठ्या सिस्टर म्हणजे पन्नाशीची, काटकुळी बाई. चष्मा दोरीला बांधून गळ्यात. वहिनीची वही बघून त्या म्हणाल्या, "आण इकडे, मीच वाचते." वाचल्या. मग कपाटातून भलंमोठं रजिस्टर काढलं आणि टेबलावर आमच्याकडे फिरवून ठेवलं.

"हे गेलं वर्ष. नावांवर मी हात ठेवते, आकडे तू बघ. तुझ्यासारख्या चाळीस जणी आल्या. सव्वीस जणींचं नैसर्गिक झालं. चौदा जणींना परत टेबलावर घ्यावं लागलं. एकीचा जुना टाका उसवला, बाळ वाचलं, पिशवी काढावी लागली. हेही तुला ठाऊक असू दे."

वहिनीने विचारलं, "आणि भूल देणारे डॉक्टर?"

"दिवसा इथेच असतात. संध्याकाळी सातनंतर घरून बोलवावे लागतात, वीस मिनिटं. ते मला पसंत नाही, वर तीनदा लिहून दिलंय. आणखी ऐक. एका खोलीत सहा पलंग. पंखे दोन, त्यातला एक चालतो. संडासाला कडी नाही. सोबत बाईमाणूस ठेवू देते, पुरुष नाही, कारण बाकीच्या बायकांना अवघडतं. हिंडूफिरू देते. आता ठरव."

मग वहिनीने जुनी फाईल पुढे केली. सिस्टरनी चष्मा लावून ठोक्यांच्या आलेखाची पट्टी सावकाश वाचली. त्या म्हणाल्या, "मी तिथे नव्हते. ऑपरेशन लागणारच नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण या पट्टीवर ठोके चांगले आहेत. आणि वेळा मलाही वाचता येतात."

वहिनीच्या डोळ्यांतून तेव्हा पाणी आलं. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला वेड्यात काढलं नव्हतं. तिने तिथेच नाव घातलं.

नववा महिना भरला आणि मंगळवारी सकाळी सातला तिचं पाणी गेलं. आठला आम्ही वॉर्डात होतो. ती माझ्या खांद्यावर हात टाकून त्या लांबलचक व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होती, कळ आली की थांबायची, खिडकीचा गज धरायची, परत चालायची. सिस्टर अर्ध्या अर्ध्या तासाने येऊन ठोके ऐकत आणि काय ऐकलं ते तिलाच सांगत. मला त्यांनी फक्त पाणी आणायला लावलं. पलीकडच्या पलंगावरची एक पोर ओरडत होती, तिच्यावर एक आया खेकसली. वहिनी कळ ओसरल्यावर तिथे गेली आणि आयेला म्हणाली, "तिच्यावर ओरडू नका. ओरडायचं तर माझ्यावर ओरडा, मला उत्तर देता येतं." आया पुटपुटत निघून गेली.

एकच्या पुढे वहिनीला जुन्या टाक्याशी दुखायला लागलं, कळ नसतानाही. तिने ते लगेच सांगितलं. सिस्टरनी पट्टा लावला, पट्टी बघितली आणि डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर तरुण मुलगी होती, थकलेली. ती आल्या आल्या स्टूल ओढून वहिनीच्या तोंडासमोर बसली.

"कळ संपल्यावर बाळाचे ठोके खाली येताहेत," ती म्हणाली. "तीनदा झालं. आणि टाक्याशी दुखतंय ते मला आवडलेलं नाही. माझं मत, ऑपरेशन करावं."

"थांबलो तर?"

"कदाचित होईलही नीट. कदाचित टाका उसवेल. मी थांबायचा सल्ला देणार नाही."

"विचाराला किती वेळ आहे?"

"दोन मिनिटं. तेवढ्यात मी टेबल तयार करायला सांगते."

वहिनीने पट्टी मागितली. सिस्टरनी ती धरून दाखवली, कुठे खाली गेलंय ते बोटाने दाखवलं. वहिनीने पाहिलं. मग माझा हात सोडला आणि म्हणाली, "करा. फॉर्म आणा, मी सही करते." कळ येत होती, ती ओसरू दिली आणि सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं. वेळ तिने स्वतः घातली.

मुलगा झाला. आत जुना टाका कागदासारखा पातळ झाला होता, असं डॉक्टर मुलीने नंतर येऊन, परत स्टूलवर बसून सांगितलं.

चौथ्या दिवशी आई डबा घेऊन आली आणि सवयीने बोलून गेली, "एवढी वणवण केलीस, शेवटी तेच झालं." मला वाटलं आता भडका उडणार. वहिनीने पोराला दुसऱ्या बाजूला घेतलं. "तेच नाही झालं, आई," ती म्हणाली. "तुम्हाला दिसत नसेल तर मी समजावणार नाही. दमलेय मी." आईने डबा उघडला आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

राग मात्र संपला नाही. उलट आता त्याला धार आली. आपल्याला विचारायला दोन मिनिटं लागतात, हे तिने पाहिलं होतं. ती दोन मिनिटं पहिल्या वेळी तिला कुणी दिली नाहीत, एवढाच सगळा मामला. तीन महिन्यांनी तिने पहिल्या बाळंतपणाच्या त्या दवाखान्याविरुद्ध आरोग्य खात्याकडे तक्रार केली. फाईल जोडली. दादाने आपलं म्हणणं लिहून दिलं, रडण्याच्या आवाजासकट. ते लिहिताना तो दोनदा उठून बाहेर गेला.

उत्तर यायला अर्धं वर्ष लागलं. पत्र एका पानाचं होतं. चौकशी झाली आहे. डॉक्टरांच्या उपचारात दोष आढळला नाही. संमतीपत्रावर 'चुकीची वेळ' लिहिल्याबद्दल संबंधित परिचारिकेला समज देण्यात आली आहे.

वहिनीने ते पत्र वाचलं आणि मी तिला इतकी संतापलेली कधीच पाहिली नव्हती, जखम उघडी होती तेव्हाही नाही. "चुकीची?" ती म्हणाली. "तिने खरी वेळ लिहिली. अख्ख्या दवाखान्यात एकच बाई खरं बोलली आणि तिलाच समज."

दुसऱ्याच सुट्टीला आम्ही दोघी तिथे गेलो, त्या सिस्टरला शोधायला. स्वागताच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, त्या नोकरी सोडून गेल्या, पत्ता देता येणार नाही. समोर सातआठ पोटुशा बायका गुबगुबीत खुर्च्यांवर बसल्या होत्या. वहिनी त्यांच्याकडे वळली आणि आवाज न चढवता, टेबलाशी उभी राहून तिने आपली फाईल त्यांना सांगितली. सुरी किती वाजता, मूल किती वाजता, सही किती वाजता. सगळं. पहारेकरी आला. "बाई, बाहेर चला." "चालते," ती म्हणाली, "माझं बोलून झालंय."

फाटकाबाहेर आलो तर मागून हाक आली. आतलीच एक बाई होती, नवव्या महिन्यातली, धापा टाकत आलेली. तिने मागे वळून कुणी बघत नाही ना ते पाहिलं आणि विचारलं, "मला सिझरसाठी पुढच्या सोमवारची तारीख दिलीय. मी अजून का म्हणून विचारलेलं नाही. कसं विचारायचं असतं?"

वहिनीने तिला भिंतीच्या सावलीत नेलं, पिशवीतून पेन काढलं आणि तिच्या फाईलच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहायला लागली.